दुसरं स्टूल कधी करणार आहेस?

या वेळचं पत्र पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. घर सांगली जिल्ह्यात, वडिलांची द्राक्षबाग, फीसाठी बँकेचं कर्ज. ती लिहिते, की तीन वर्षांत हातानं केलेले तिचे तिन्ही मोठे प्रकल्प फसले. पहिल्या वर्षी नालीदार पुठ्ठ्याचा पूल केला, तो वजन ठेवताच मधोमध मोडला. दुसऱ्या वर्षी सिरॅमिकचे सहा कप केले. चार कपांचे कान भट्टीत तडकले आणि उरलेले दोन इतके लहान निघाले, की त्यांत धड चहा मावेना. यंदा जूनमध्ये गावाजवळच्या एका बुरूड काकांकडे ती तीन आठवडे काम शिकली, त्यांच्याकडूनच बांबू आणून तिनं स्टूल केलं. ऑगस्टमध्ये ते भक्कम होतं. सप्टेंबरच्या ज्युरीत परीक्षक त्यावर बसले आणि ते एका बाजूला कललं. ग्रेड ‘सी’. त्याच ज्युरीत एका मुलाच्या खुर्चीला ‘ए’ मिळाली. त्यानं ती खुर्ची कधी बनवलीच नव्हती, कॉम्प्युटरवर काढलेली देखणी रेंडर्स तेवढी लावली होती.

जानेवारीच्या मध्यापर्यंत तिला इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ पाठवायचा आहे. ती विचारते: हे तिन्ही प्रकल्प काढून त्यांच्या जागी रेंडर्स घालू का? माझ्या हातातच काही नाही हे मान्य करून सॉफ्टवेअरकडे वळू का? आणि घरी काय सांगू? वडील म्हणाले, “कर्ज काढून टोपल्या विणायला शिकतेस होय?” पत्राच्या अगदी शेवटी, ता. क. म्हणून एक ओळ आहे: “स्टुलाची बैठक खरं तर काकांनी विणली होती. ज्युरीच्या बोर्डवर मी फक्त माझं नाव लिहिलं.”

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करते. तू लिहिलंस, ‘स्टूल करून अकरा दिवस झाले होते. रात्री त्यावर कुणी बसलेलं नसताना ते कुरकुरलं आणि सकाळी पायाशी चिमूटभर पिवळसर पीठ पडलेलं होतं.’ हे तू जाता जाता लिहिलंस आणि लगेच ‘माझ्या हातातच नाही’ यावर गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. तुझ्या स्टुलाचं काय चुकलं ते जवळजवळ सगळं या दोन ओळींत आहे, आणि ते तूच टिपलेलं आहेस.

बांबू हे गवत आहे. ताज्या तोडलेल्या बांबूत भरपूर पाणी असतं आणि स्टार्चही असतो. पाणी उडून जातं तसा तो आकसतो, लांबीत फारसा नाही, पण जाडीत नक्की. तू जूनअखेर हिरवा बांबू आणलास, जुलैत कापलास, ऑगस्टमध्ये पायांना भोकं पाडून आडव्या दांड्या ठोकून बसवल्यास. त्या दिवशी त्या घट्टच होत्या. मग हॉस्टेलच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, एकेक दांडी बारीक होत गेली, भोकाचा आकार बदलला आणि सांधा सुटला. रात्री तुला ऐकू आला तो हाच आवाज. पीठ पडलं ते स्टार्च खायला आलेल्या किड्यामुळे. म्हणून तर जाणते लोक बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडतात. फर्निचरसाठी लागणारा बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात, आणि मग सावलीत उभा करून वाळवतात.

यावर तू म्हणशील, ‘पण काका तर हिरवाच बांबू वापरतात, आणि त्यांची सुपं वर्षानुवर्षं टिकतात.’ अगदी बरोबर. त्यांचा बांबू हिरवाच असायला हवा. वाळक्या बांबूच्या पातळ कामट्या निघत नाहीत आणि निघाल्या तरी वाकवताना मोडतात. शिवाय सुपात शेकडो ठिकाणी कामटी कामटीला अडते. एक ढिली पडली तर शेजारच्या दहा तिला धरून ठेवतात. तुझ्या स्टुलात मोजून आठ सांधे होते. त्यातला प्रत्येक एकटा होता आणि प्रत्येकावर माणसाचा भार होता. काकांनी तुला काही चुकीचं शिकवलं नाही. त्यांनी टोपलीचं ज्ञान दिलं आणि तू ते स्टुलाला लावलंस. ‘काका, याचं बसायचं काही करायचं असेल तर बांबू कसला घेऊ?’ हा प्रश्न बहुधा राहून गेला. मला वाटतं त्यांच्याकडे त्याचंही उत्तर असेल: तीन-चार वर्षांचा पक्का, जाड भिंतीचा. कोकणात माणगा नावाचा बांबू होतो, तो जवळपास भरीव असतो. कुडाळच्या बाजूला त्याचं फर्निचर करतात.

आणखी एक गोष्ट त्याच आवाजाच्या पुढची. स्टूल खचलं नाही, एका बाजूला कललं, असं तू लिहितेस. चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या म्हणजे चौकोन. सांधे सैल झाले की चौकोन तिरपा होतो, त्रिकोण मात्र तिरपा होत नाही. गणपतीत मंडप बांधताना बघ, उभे-आडवे बांबू बांधून झाले की मंडपवाला तिरपी कैची मारल्याशिवाय खाली उतरत नाही. तुझ्या स्टुलाला तशी एकही तिरपी काठी नव्हती.

कपांचं तर सरळ गणित आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते. किती, ते मातीवर आणि भट्टीच्या तापमानावर ठरतं, पण समजा दहा टक्के. उंची दहा टक्क्यांनी कमी झाली तर फार वाटत नाही. पण रुंदी आणि खोलीही तेवढीच कमी होते. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२९. दोनशे मिलीचा म्हणून केलेला कप एकशे शेहेचाळीस मिलीचा होऊन भट्टीबाहेर येतो. पुढच्या वेळी तीच माती घेऊन एक चपटी पट्टी कर, तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढ आणि ती पट्टी भाजून आण. भट्टीतून आलेल्या रेघेवर मोजपट्टी ठेवलीस की तुझी माती किती आकसते ते कळेल, आणि कप तेवढा मोठा करायचा. कान तडकले ते ओल वेगवेगळी असल्यामुळे. कप अर्धा वाळलेला आणि कान ताजा असेल तर दोघं वेगवेगळ्या वेगानं आकसतात आणि जोडावर ओढाताण होते. दोन्ही सारख्या ओलीचे असताना जोडायचे, जोडाच्या जागा खरवडून पातळ माती लावायची, मग प्लास्टिकखाली झाकून दोन-तीन दिवस हळूहळू वाळू द्यायचं. तुझ्या आईनं किंवा आजीनं ब्लाऊजचं सुती कापड शिवायच्या आधी भिजवून वाळवलेलं तू पाहिलंच असशील. फॅशनच्या, टेक्स्टाइलच्या मुलांचीही मला पत्रं येतात. ज्युरीच्या आधी रंग उतरला, झगा आटला, अशी. त्यांनाही मी हेच सांगते: कापड आधी पाण्यात जाऊ दे, मग कात्री.

पूल सोडून दे. नालीदार पुठ्ठ्याच्या नाळ्या आडव्या लागल्या असतील, पहिल्या वर्षी बहुतेकांच्या लागतात.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ‘माझ्या हातातच नाही’ हे तू कशावरून ठरवलंस? तीन वस्तू केल्यास आणि तिन्ही बिघडल्या, यावरून. पण त्यातली एकही वस्तू तू दुसऱ्यांदा केलेली नाहीस. यात तुझा दोष कमी आणि आपल्या शिकवण्याच्या रीतीचा जास्त आहे. ब्रीफ, म्हणजे नेमून दिलेलं काम, येतं, सेमिस्टर संपतं, ज्युरी होते, ग्रेड मिळते, लगेच नवं ब्रीफ. वस्तू मोडली की ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाते आणि तिच्याबरोबर तिनं सांगितलेलंही जातं. मुलं दर सहा महिन्यांनी नव्या साहित्याशी पहिल्यांदा भेटतात आणि पहिल्या भेटीतच निघून येतात. मग तिसऱ्या वर्षाला वाटायला लागतं, की आपल्याला काहीच जमत नाही. काकांनी आयुष्यात किती सुपं विणली असतील, याचा अंदाज कर. तू तुझ्या पहिल्या स्टुलाची तुलना त्यांच्या हजाराव्या सुपाशी करते आहेस.

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची नावं तुमच्या डिझाइनच्या इतिहासात आली असतील. १९५८ साली त्यांनी भारत सरकारला एक अहवाल दिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यामागे तो अहवाल होता. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलं आहे. लोटा कुणा एका माणसानं रचला नाही, पिढ्यान् पिढ्या अनेक माणसांच्या हातून तो घडत गेला, हे त्यांना भावलं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतः त्या दोघांनी काय सोसलं होतं ते त्यामागे आहे. बैठक आणि पाठ मिळून प्लायवूडचं एकच अखंड कवच वाकवायचं, असा त्यांचा ध्यास होता. एकदम दोन दिशांना वाकवलं की प्लायवूड चिरायचं. १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या स्पर्धेसाठी एरो सारिनेन या वास्तुरचनाकाराबरोबर चार्ल्सनं ज्या खुर्च्या केल्या, त्यांवर गादी चढवूनच त्या चिरा झाकाव्या लागल्या. साच्यात घाल, दाब, चीर बघ, पुन्हा घाल, असं काही वर्षं चाललं. शेवटी १९४०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी बैठक वेगळी केली आणि पाठ वेगळी. आज जगभर ओळखू येणारं त्या खुर्चीचं रूप त्या चिरेनं ठरवलेलं आहे.

मोठ्यांची उदाहरणं लांबची वाटतात, म्हणून माझं एक सांगते. शिकत असताना एका मे महिन्यात मी मावशीच्या रत्नागिरीच्या घरातल्या फडताळासाठी सागाचं दार केलं. चार बाजूंची चौकट, मध्ये एक रुंद फळी, आणि फळी चारही बाजूंनी सरसानं पक्की चिकटवलेली. मला त्या दाराचा फार अभिमान होता. जुलैत मावशीचा फोन आला: दार उघडत नाही आणि वरचा एक कोपरा फाकलाय. कोकणातल्या पावसात फळी आडवी फुगली होती, तिला सरकायला जागा नव्हती, म्हणून तिनं चौकटीचा सांधाच ढकलून उघडला. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारांनी दार हातात घेतलं, फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “फळीला खेळायला जागा कुठं ठेवलीस?” मला रडू आलं होतं. दार टाकून द्यावं, असंच वाटत होतं. पण मावशीला दार हवं होतं, म्हणून ऑक्टोबरात मी ते पुन्हा केलं. चौकटीला आतून खाच, फळी खाचेत नुसती अडकवलेली, सरस नाही, दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा. ते दार अजून उघडतं आणि लागतं. पहिल्या दाराचा फाकलेला कोपरा मी कापून ठेवला, तो हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. लाकडाबद्दल मी पुढे जे काही शिकले, ते त्या दोन दारांच्या मधल्या महिन्यांत सुरू झालं. मावशीनं दुसरं दार मागितलं नसतं, तर मीही ‘माझ्या हातात नाही’ म्हणत बसले असते.

म्हणून तुझ्या दोन पर्यायांत मी तिसरा घालते. नवा प्रकल्प नको, तेच स्टूल पुन्हा कर.

रेंडर्सबद्दलही सांगायला हवं, कारण त्या मुलाच्या ‘ए’नं तुला जो चटका बसला तो मला कळतो. रेंडर हे कौशल्य आहे आणि ते शिकायलाच हवं. पॅकेजिंगच्या किंवा मोबाइल ॲपच्या कामाला जायचं असेल, तर तिथे रोजचं काम पडद्यावरच होतं. तुला खरंच तिकडे ओढ असेल तर खुशाल जा, पण हरल्यासारखी जाऊ नकोस. फर्निचर, घरगुती वस्तू, हस्तकलेशी जोडलेलं काम हवं असेल तर मात्र मुलाखतीत समोरचा माणूस चित्राच्या पुढचं विचारतो. वजन किती? हा सांधा कसा बसतो? कोणी बसून पाहिलं का? आता तर एआयला दोन ओळी सांगितल्या की दोन मिनिटांत खुर्चीचं चित्र मिळतं, त्यामुळे हे प्रश्न जास्तच विचारले जातील. न बनवलेल्या खुर्चीच्या रेंडरवर या प्रश्नांची उत्तरं नसतात. तुझ्याकडे मोडलेल्या स्टुलावर ती आहेत. सॉफ्टवेअर वापरायचंच असेल तर दुसऱ्या स्टुलाचा सांधा सुटा करून दाखवणारं नीट चित्र काढायला वापर. तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

आता वेळेचं. ऑक्टोबर चालू आहे, हातात तीन महिने आहेत. हिरवा बांबू आणून वाळवायचा म्हटलं तर त्यातच दोन-अडीच महिने जातील, तेव्हा आधीच वाळलेला शोध. हिरवा रंग जाऊन पिवळसर झालेला, हाताला हलका, टिचकी मारली की खणखणीत वाजणारा. बुरुड आळीत विचार, बांबूचं फर्निचर करणाऱ्यांकडे विचार, जिथे मिळेल तिथे ‘कधी तोडला?’ हे आधी विचार. लगेच अख्खं स्टूल करायला बसू नकोस. आधी फक्त सांधा कर. एक पाय, एक दांडी, वीतभर लांबीचे तुकडे. पाच वेगवेगळ्या रीतींनी पाच सांधे. एकात नुसतं भोक, एकात आरपार खुंटी, एकात भिजवलेला वेत करकचून गुंडाळलेला, कारण वेत वाळताना आवळत जातो. भोक नेहमी ड्रिलनं पाड. खिळा ठोकलास तर बांबू रेषेत चिरतो, हे तुला ठाऊकच आहे. प्रत्येक सांध्यावर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेव, म्हणजे तो सरकला की दिसेल. एक सांधा खिडकीत उन्हात, एक न्हाणीघरात ओलसर जागी, बाकीचे खोलीत. आठवड्यानं प्रत्येकाला पाण्यानं भरलेली दहा लिटरची बादली लटकव, म्हणजे दहा किलोच्या वर वजन झालं. दोन आठवड्यांत तुला कळेल कोणता सांधा निवडायचा. पाच सांध्यांना दोनशे-अडीचशे रुपयांच्या वर खर्च यायचं कारण नाही, आणि एखादा मोडला तर काही बुडत नाही. डिसेंबरात अख्खं स्टूल कर, तिरप्या कैचीसकट. तीन आठवडे रोज त्यावर बसून जेव, मैत्रिणींना बसव, मग फोटो काढ.

या सगळ्याची वही ठेव. वही कशी ठेवायची हे मी सांगायला नको, तुझ्या घरात ती आहे. द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या बागायतदाराकडे फवारणीची नोंदवही असते: कोणत्या तारखेला, काय, किती, कशासाठी. तशीच. ‘१४ ऑक्टोबर, बांबू अमुक ठिकाणचा, बाहेरून व्यास ३२ मिमी.’ आणि महिन्यानं पुन्हा मोजून खाली लिही. भावना नाही लिहिल्यास तरी चालेल, आकडे लिही. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेव. मोडलेला तुकडा फेकू नकोस, करवतीनं आडवा कापून आत बघ. हे कुठल्याही साहित्यावर काम करणाऱ्या मुलांनी करावं. माझ्याकडे येणाऱ्या दहा पोर्टफोलिओंत चकचकीत शेवटचा फोटो असतोच. मधले आकडे एखाद्यातच असतात, आणि तो पोर्टफोलिओ लक्षात राहतो.

पोर्टफोलिओत पूल नको. कपांना एक पान दे: तडकलेला कान जवळून, शेजारी तुझी भाजलेली पट्टी आणि तो गुणाकार. उरलेली जागा स्टुलाला. सुरुवात कललेल्या स्टुलाच्या फोटोनं कर, लपवू नकोस. मग सुटलेला सांधा, पाच नमुने, आणि दुसरं स्टूल.

ता. क. म्हणून लिहिलेल्या ओळीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तू ती शेवटी लिहिलीस, पण लिहिलीस. म्हणजे ती तुला टोचते आहे, आणि टोचली पाहिजे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं असताना. आपल्याकडे सगळे चिडले. महाराष्ट्रातून पत्र गेलं, तेव्हा कंपनीनं ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. तूही चिडली असशील, तुझ्या वर्गात चर्चा झाली असेल. तुझ्या बोर्डवरची रिकामी जागा त्याच जातीची आहे. आकार लहान आहे, एवढंच. मी तुला दोषी ठरवत नाही. ज्युरीत ‘सगळं मी केलं’ असं दिसलं पाहिजे, ही भीती मुलांच्या मनात कशी बसते ते मी जवळून पाहिलं आहे. पण ती समजूतच चुकीची आहे. बैठक काकांनी विणली हे लिहिल्यानं तुझं काम कमी होत नाही. बैठकीचं माप, तिचा उतार, ती चौकटीला कशी अडकेल, हे तू ठरवलंस. ते तुझं आहे आणि ते नीट लिही. त्याखाली लिही, ‘बैठकीचं विणकाम’, आणि पुढे काकांचं पूर्ण नाव आणि गाव. त्यांना विचारून, त्यांना आवडेल तसं. तुझ्या शिक्षकांनाही आत्ताच चार ओळींचा मेल पाठव. कुणी विचारायच्या आधी तू सांगितलंस, याला अर्थ असतो. आणि पैशाचं बघ. काका तीन आठवडे तुला शिकवत होते, तेव्हा त्यांची सुपं-टोपल्या कमी झाल्या असणार. दिवसाचं किती बुडालं, हे संकोच न करता विचार आणि दुसऱ्या स्टुलाच्या खर्चात त्यांच्या मजुरीची ओळ पहिली धर.

बाबांच्या वाक्यातही हेच आहे. ‘टोपल्या विणायला शिकतेस होय’ असं ते म्हणाले, त्यात त्यांची काळजी कर्जाची आहे आणि ती खरी आहे. पण त्यात आणखी काही नकळत आलं आहे. बुरूडकाम आपल्या गावगाड्यानं एका जातीच्या वाट्याला दिलं आणि मग खालचं ठरवलं. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी ते काम शिकायला गेली, हे त्यांना खुपलं असेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस. स्टूल घरी ने आणि सुटलेला सांधा त्यांच्या हातात दे. ओल, ऊन, पाऊस यांचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला कळतो? सध्या त्यांची फळछाटणीची धांदल असेल. विचार त्यांना, ‘एका वर्षी छाटणीनंतर पाऊस लागला आणि घड गळले, तर तुम्ही बाग काढून टाकता का?’ ते काढत नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी करतात, त्याच वेलींची. कर्जाबद्दल मात्र मोघम बोलू नकोस. कुठे अर्ज करणार, इंटर्नशिपला किती महिने, पैसे मिळतात की नाही, हे सगळं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. नसेल ठरलं तर ‘अजून ठरलं नाही’ असंही लिही. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला लिहिलेला कागद आश्वासनापेक्षा जवळचा वाटतो.

पत्रात एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, ती मी अंदाजानं धरते. ज्युरीनंतर तू काकांकडे गेलेली नाहीस. स्टूल कललं हे त्यांना माहीतच नसणार. लाज वाटली असेल. पण त्या बांबूचं पुढे काय झालं, हे ऐकायला त्यांच्याइतकं उत्सुक दुसरं कोण असेल?

दिवाळीला घरी जाशीलच. तेव्हा पहिलं स्टूल बरोबर ने. एसटीत चढवायच्या आधी चारही पाय सुतळीनं एकत्र बांध आणि सैल दांड्यांवर कापड गुंडाळ, म्हणजे वाटेत ते आणखी हलायचे नाहीत. सांधे आज आहेत तसेच काकांना दिसले पाहिजेत. आणि तिथे पोचलीस की आधी काही सांगू नकोस. स्टूल त्यांच्यासमोर ठेव, त्यांना हातात घेऊ दे, आणि वही उघडून शेजारी बस.